गुणफलक पळाला

आमच्या कर्जतमध्ये मी "वेब ॲप्लिकेशन बनवते" असं सांगितलं, की समोरचा माणूस खिशातून आधार कार्ड काढतो. त्याला मोबाइल नंबर जोडून हवा असतो. ते मी करत नाही म्हटलं, की तो विचारतो, "झेरॉक्स?" तेही नाही म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल अशी काही करुणा दाटून येते, की मलाच वाटतं, निदान झेरॉक्स तरी ठेवावं.

"मग बाई, तुमी करता काय नक्की?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की एकदा सविस्तर उत्तर देऊन टाकावं म्हणते. दिवाळी आहे, चकल्या आहेत, वाचणाऱ्याला सवड आहे.

मी मूळची टायपिंगवाली. बाजारपेठेत एका औषधाच्या दुकानावर माझा क्लास होता. तिथे अर्ध्या तालुक्याची बोटं मी वळणावर आणली. टायपिंगच्या परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या, तशी जुनी यंत्रं भंगारवाल्याकडे गेली. ती टेंपोत चढताना मी खिडकीत उभी नव्हते. मला नसतं बघवलं. त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले आणि मी पुन्हा "बोटं वाकवून ठेवा, पसरू नका" म्हणत फिरू लागले.

एक दिवस एका मुलीचा परीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरत होते. खालचं "पाठवा" हे बटण फिकट राखाडी, मेल्यासारखं पडलेलं. मी शेवटच्या रकान्यात पिनकोड घातला आणि ते बटण एकदम निळं झालं. जिवंत झालं! मी पिनकोडमधला एक आकडा खोडला. बटण मेलं. आकडा घातला. उठलं. ती मुलगी कंटाळून म्हणाली, "मॅडम, अर्ज पाठवायचा ना?" पण माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं. टाइपरायटरची कळ दाबली की दांडी उठते, ती फितीवर आपटते, अक्षर उमटतं. सगळा कारभार डोळ्यांसमोर. या बटणाच्या मागची दांडी कुठे होती? त्याला कसं कळत होतं?

तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडलेली. या वयात आमच्याकडच्या बायका गुडघ्यांच्या तेलाची चौकशी करतात. मी इंटरनेटवर फुकट मिळणारे धडे बघायला लागले. शिकवणारा गृहस्थ इंग्रजीत इतका भरभर बोलायचा, की एक वाक्य, मग थांबवणे, मग पुन्हा तेच वाक्य, असं करत त्याचा एक धडा मला आठवडाभर पुरायचा. पण ज्या दिवशी माझ्या हातचं पहिलं बटण चाललं, ते दाबलं आणि पडद्यावर "नमस्कार वंदना" उमटलं, त्या दिवशी मी खुर्चीतून उठून वर्गाला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि खोपोलीजवळच्या कागद कारखान्यात यजमानांना फोन लावला.

"अहो, बटण चाललं!"

"कुठलं? मिक्सरचं?"

एवढं उत्तर ऐकूनही माझा आनंद तसूभर कमी झाला नाही, यावरून तो किती होता ते ओळखा.

हे काम काय असतं, ते थोडक्यात सांगते. वेबचं पान तीन भाषांत लिहितात. पहिली सांगते, पानावर काय काय आहे. दुसरी सांगते, ते दिसायचं कसं. आणि तिसरी सांगते, कुणी हात लावला तर वागायचं कसं. लग्नघर डोळ्यांपुढे आणा. मांडव, खुर्च्या, स्टेज ही पहिली. झिरमिळ्या आणि फुलांच्या माळा ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे ती काकू, जी पाहुणा दिसला की सरबत पाठवते, भटजी उठला की नारळ आणायला लावते आणि कुणाला तोंड फुटायच्या आत पंगत बसवते. लग्न तिच्यामुळे चालतं आणि गोंधळही तिच्यामुळेच होतो. मला खरं जमवून घ्यावं लागलं ते या काकूशी.

टायपिंगमध्ये एक अक्षर चुकलं तर गुण कापला जायचा. इथे एक कंस मिटायचा राहिला, तर अख्खं पान पांढरं. एका दुपारी तो कंस शोधता शोधता मी भात करपवला. या भाषेत "प्रॉमिस" नावाचा एक प्रकार असतो. म्हणजे आत्ता उत्तर नाही, पण देईन असं वचन. ते पुरं होतं, मोडतं किंवा नुसतंच लटकून राहतं. मी जेवताना यजमानांना म्हटलं, "तुमचं माडीची कौलं शाकारायचं प्रॉमिस पेंडिंग आहे." ते म्हणाले, "म्हणजे अजून मोडलेलं नाही ना? मग वाढ."

मी केलेलं काम पहिल्यांदा तपासायच्या त्या माझ्या सासूबाई. त्या कळंबच्या. शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण फोन त्यांच्या हातात आला की कोंबडीने उकिरडा उकरावा तसा सगळा उकरतात. त्यांची एक खोड होती. कुठलंही बटण त्या दोनदा दाबायच्या.

"आई, एकदाच दाबायचं असतं."

"एका हाकेला कोन ओ देतं गं? तू तरी देतेस का?"

म्हणून मी बटणालाच शिकवलं, की पहिला दाब पडला की मिटून जा, काम होईपर्यंत उघडू नकोस. व्यवसायात अशा युक्त्यांना भारदस्त इंग्रजी नावं आहेत. आमच्या घरी तिचं नाव "आईंचं कुलूप" असं पडलं.

सुरुवातीला गावच्या विहारासाठी बुद्धपौर्णिमेचं निमंत्रण केलं होतं. बोट लावलं की पिंपळाचं पान उलगडायचं आणि आत कार्यक्रम दिसायचा. ते फोनाफोनी फिरलं. ते बघून पळसदरीहून गणपतशेठ आले. धरणाच्या अंगाला त्यांच्या तीन खोल्या होत्या, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी. त्यांना बुकिंगचं पान हवं होतं. आणि पान उघडल्याबरोबर कोंबडा आरवायला हवा होता.

मी त्यांना समजावलं, की हल्लीचे ब्राउझर माणसाने हात लावल्याशिवाय पानाला आवाज करू देत नाहीत. लोकांची झोपमोड होऊ नये म्हणून तो नियमच आहे.

गणपतशेठना ते पटेना. "अवो बाई, कोंबडा काय इचारून आरवतो का?"

शेवटी तडजोड झाली. पानावर कोंबड्याचं चित्र टाकलं. त्याला बोट लावलं की मान उंच करून आरवायचा. चित्र माझं, आवाज गणपतशेठच्या खऱ्या कोंबड्याचा. तो टिपायला मी भल्या सकाळी पळसदरीला जाऊन बसले, तर तो मला बघून गप्पच झाला. शेठ त्याला शिव्या देत होते, त्या मात्र सगळ्या टिपल्या गेल्या. मी झाडाआड लपले, तेव्हा कुठे तो आरवला. पान सुरू झालं आणि आठवडाभराने शेठचा फोन आला, "बाई, लोक कोंबडाच दाबत बसल्यात, खोली कोन घेत नाय!" मी कोंबड्याला थोडं खाली सरकवलं आणि बुकिंगचं बटण त्याच्या पायाशी ठेवलं. मग खोल्या भरायला लागल्या. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीतल्या साहेबांचा हात भर बैठकीत चुकून कोंबड्यावर पडला म्हणे. त्या कचेरीतली सगळी मंडळी पुढच्या महिन्यात पळसदरीला येऊन राहिली. पुढे शेठनी जमीन बंगलेवाल्यांना दिली, पान बंद झालं. आमच्या धंद्यात मागे काही उरत नाही, ही एक खंत आहे. गवंड्याची भिंत शंभर वर्षं दाखवता येते. माझा कोंबडा आता कुठेच आरवत नाही.

पण मला सांगायचंय ते संगीताच्या सामन्याबद्दल.

संगीता माझी शाळेपासूनची मैत्रीण. दिवसा ती पोळीभाजी केंद्र चालवते आणि पहाटे आसपासच्या गावांतल्या मुलींना कबड्डी शिकवते. स्वतः एकेकाळी अशी खेळायची, की तिची चढाई बघायला पोरं भिंतीवर चढायची. कर्जतहून पळसदरीकडे जाताना जे मैदान लागतं, तिथे दरवर्षी कबड्डीच्या स्पर्धा होतात. त्यांत मुलींचा अंतिम सामना घ्यायचाच, असा तिने मंडळाकडे हट्ट धरला. एका बाजूला तिच्या कर्जतच्या मुली, दुसऱ्या बाजूला खालापूर तालुक्याचा संघ. मंडळाचे अध्यक्ष अप्पा मान डोलवत म्हणाले, "घ्या की. दुपारच्याला उरका. पन बगायला येनार कोन? खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर पुढल्या साली नाव काढायचं नाय."

संगीता तशीच माझ्याकडे आली. हात पिठाचेच होते.

"वंदे, लोक येत नसतील तर मॅच लोकांकडे न्यायची. तुझ्या त्या बटणांनी होईल का?"

मी जागच्या जागी उसळले. कारण त्याच महिन्यात मी एक नवीन गोष्ट शिकत होते आणि ती कुणावर तरी करून बघायला माझे हात शिवशिवत होते. पूर्वीचं वेब पान म्हणजे पत्रव्यवहार. तुम्ही विचारायचं, तिकडून उत्तर यायचं, संपलं. पुन्हा विचाराल तर पुन्हा उत्तर. आता नवीन रीत अशी आली आहे, की लाइन उघडीच राहते, फोन कानाला लावून ठेवल्यासारखी. इकडे मी गुण नोंदवला, की त्याच क्षणी गावोगावच्या फोनवर आकडा बदलणार. काही डाउनलोड करायला नको. लिंक उघडली की झालं. शिवाय मी त्याला बोलायला शिकवलं. "कर्जतची चढाई, एक गुण!" असं फोन मराठीत ओरडायचा. त्याचा उच्चार थोडा परदेशात वाढल्यासारखा होता, पण उत्साह अस्सल.

मैदान डोंगराच्या कुशीत असल्याने तिथे नेटवर्कचा भरवसा नव्हता. म्हणून मी माझ्या फोनला एक शहाणपण शिकवलं. नेटवर्क गेलं तर गुण जवळ जपून ठेव, आलं की पाठव, आणि "पोचला" असं उत्तर येईपर्यंत पाठवत राहा. या शहाणपणावर मी फार खूश होते. सकाळी संगीताच्या मुली सराव करायच्या, मी कडेला बसून गुण दाबायची आणि सासूबाई घरी वाल सोलत फोनवर ऐकायच्या. महिन्याभरात त्या अशा तरबेज झाल्या, की शेजारणींना म्हणायच्या, "आमी लोण दिला काल." लोण म्हणजे समोरचा सगळा संघ बाद करणं, त्याचे दोन गुण जास्तीचे मिळतात.

सामन्याच्या दिवशी खुर्च्या मांडल्या आणि त्यांवर ऊन येऊन बसलं. मुलींचे आईबाप, दोन्हीकडचे थोडे पाठीराखे, सरबतवाला आणि कुणाच्या तरी शेळ्या, एवढाच प्रेक्षकवर्ग. मांडवात संगीताच्या घरचा मोठा टीव्ही उभा केला होता आणि तो माझ्या लॅपटॉपला जोडला होता, त्यावर गुणफलक. मी पंचांच्या टेबलाशी फोन घेऊन बसले. अप्पा रिकाम्या खुर्च्यांकडे बघून संगीताला म्हणाले, "मी सांगितलेलं." संगीताने ओढणी कमरेला आवळली.

सामना मात्र पहिल्या चढाईपासून पेटला. खालापूरची रेश्मा म्हणजे काटक, गप्प मुलगी. चढाईला आली की कुणाला कधी शिवून गेली ते शिवलेलीलाच उशिरा कळायचं. आमची कर्णधार प्रणाली पकडीत अशी चिकट, की एकदा घोटा हातात आला की सुटका नाही. उत्तरार्धात आम्ही एका गुणाने मागे, सतरा-अठरा. आणि प्रणालीने एकाच चढाईत खालापूरच्या उरलेल्या दोघींना शिवलं. लोण! दोन शिवलेल्यांचे आणि दोन लोणाचे, एका दमात चार गुण. मी चार दाबला. टीव्ही ओरडला, "कर्जत, चार गुण!" एकवीस-अठरा. आमची माणसं नाचू लागली.

टीव्ही पुन्हा ओरडला, "कर्जत, चार गुण!"

पंचवीस.

मी फोनकडे बघितलं. मी हात लावला नव्हता.

"कर्जत, चार गुण!" एकोणतीस. "कर्जत, चार गुण!" तेहेतीस.

मैदानात खालापूरच्या मुली नुसत्या उभ्या होत्या. चढाई नाही, पकड नाही, आणि गुणफलक रिक्षाच्या मीटरसारखा पळत सुटलेला. आमच्या नाचणाऱ्यांनी मैदानाकडे बघणं केव्हाच सोडलं होतं. टीव्हीकडे बघून ते गुलाल उधळत होते. खालापूरचे प्रशिक्षक चव्हाण सर खुर्ची मागे ढकलून उठले.

"ओ बाई! खेळ थांबलाय आणि पॉइंट कसले देताय?"

"मी देत नाही सर, तो आपणहून देतोय!"

"आपनहून? मग आमच्याकडं का नाय देत?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्यांच्या मागे खालापूरची माणसं उभी राहिली, गुलालवाले पुढे सरकले, शेळ्या पळाल्या. कर्जत एकोणपन्नासवर गेलं तेव्हा मी फोन बंद केला आणि गुणफलक धापा टाकत थांबला.

काय झालं होतं ते मला तिथेच, त्या गोंगाटात उमगलं आणि खरं सांगते, भीतीबरोबर मला हसूही फुटलं. समजा, मी शेताच्या या बांधावरून तुम्हाला ओरडून सांगितलं, "चार लाडू ठेवलेत." तुम्ही "बरं" म्हणालात, पण वाऱ्यामुळे ते मला ऐकू आलं नाही. म्हणून मी पुन्हा ओरडले, "चार लाडू ठेवलेत." तुम्हाला वाटलं, आणखी चार. माझ्या फोनचं नेमकं हेच झालं. गुण पोचत होते, पण "पोचले" हे उत्तर परत येत नव्हतं. फोन बिचारा इमानाने पुन्हा पुन्हा सांगत राहिला. सासूबाईंसारखाच, एका हाकेला कोण ओ देतं? बटणाला मी कुलूप घातलं होतं, फोनला घालायचं राहिलं होतं.

पंचांनी दोन्ही कर्णधारांना टेबलाशी बोलावलं. मी लॅपटॉपकडे धावले. उपाय सोपा होता. प्रत्येक नोंदीला तिची स्वतःची खूण द्यायची. तीच खूण दुसऱ्यांदा आली, की पलीकडच्या कॉम्प्युटरने म्हणायचं, "हे लाडू मघाचेच," आणि सोडून द्यायचं. पाच-सहा ओळींचं काम. मी लिहायला लागले. आणि मागे एकदम शांत झालं.

लॅपटॉप टीव्हीला जोडलेला होता. मी जे जे लिहीत होते, ते ते भल्या मोठ्या अक्षरांत अख्ख्या मैदानाला दिसत होतं.

"आरं, बाईंचा टायपिंगचा स्पीड बग!" गुलालवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

मी वीसेक वर्षं टायपिंग शिकवलं, पण मला असा जाहीर पुरस्कार कधी मिळाला नव्हता. चव्हाण सर मात्र टीव्हीला नाक लावून एकेक ओळ तपासत होते.

"थांबा. ह्ये काय पुसलंत?"

"जुनी ओळ, सर."

"तिच्यात खालापूर होतं का?"

"कुणीच नव्हतं. ही दोघांनाही सारखी लागू आहे."

"मग कर्जत आधी का लिवलंय?"

मी क्षणभर विचार केला आणि खालापूर वर, कर्जत खाली केलं. सरांची मान हलली. माझ्या आयुष्यात इतक्या माणसांसमोर आणि इतक्या कडक नजरेखाली मी कधी काम केलं नाही. आणि खोटं कशाला सांगू, इतकी मजाही कधी आली नाही.

दरम्यान मैदानाबाहेर वेगळंच चाललं होतं, ते आम्हाला माहीत नव्हतं. लिंक दोन्ही तालुक्यांत फिरलेली. कर्जतच्या बाजारात, चौक गावच्या नाक्यावर, खोपोलीच्या कारखान्यांत लोकांच्या फोनवर आकडा धावत होता. मैदानात काय झालं ते कुणाला कळेना, पण मुलींच्या सामन्यात कर्जतने एकोणपन्नास केले एवढं सगळ्यांनी बघितलं. आणि मग मी दुरुस्ती चढवली, पंचांच्या नोंदीप्रमाणे आकडा ठीक केला, तेव्हा त्या सगळ्या फोनांवर एकोणपन्नासचे एका झटक्यात एकवीस झाले. लोकांचा एकच अर्थ. पंचांनी गुण कापले! मैदानात राडा झाला! दुकानं मिटली, मोटारसायकली सुरू झाल्या.

आधी रस्त्यावर धूळ दिसली. मग एक टेंपो, त्यात उभी राहिलेली माणसं. संगीता माझ्या शेजारी उभी होती. तिने धूळ बघितली, रिकाम्या खुर्च्या बघितल्या, आणि मला कोपराने ढोसून पंचांकडे गेली.

"साहेब, मला वाटतं, हिशोब एकदा पहिल्यापासून बघावा."

पंच म्हणाले, "बाई, तुमचे गुण बरोबर आहेत. दोघांनाही मान्य आहे."

"तरी पण. आमच्या समाधानासाठी. सावकाश बघा."

चव्हाण सरांनी तिच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. माणूस हुशार. ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बरोबर हाय. सुरुवातीपासून बगा. मध्यंतराचं बी बगा." पंच बिचारे चढाई-चढाईने वाचू लागले आणि या दोघांनी तो हिशोब असा लांबवला, असा लांबवला, की खुर्च्या भरल्या, मग खुर्च्यांच्या मागे माणसं उभी राहिली, मग आंब्याच्या झाडावर पोरं दिसायला लागली. सरबतवाल्याने घरी फोन करून आणखी लिंबं मागवली. भांडण बघायला आलेली मंडळी विचारत होती, "कुठं हाय राडा?" त्यांना बसवून घेतलं, की आता बघा.

आणि मग त्यांनी बघितलं. रेश्माने बोनस घेतला. प्रणालीने तिला पुढच्या चढाईत धरलं. तीन गुणांची आघाडी दोनवर आली, बरोबरीवर आली, पुन्हा एकावर गेली. प्रत्येक गुण मी दाबत होते आणि टीव्ही तो एकदाच, फक्त एकदाच ओरडत होता. नेटवर्क मधे दोनदा गेलं आणि आलं. फोनने तीच नोंद पुन्हा पाठवली आणि पलीकडच्याने ती मुकाट सोडून दिली. त्या गर्दीत हे एकट्या मला कळत होतं आणि मला ओरडावंसं वाटत होतं, की बघा, बघा, काहीच झालं नाही!

शेवटच्या चढाईला गुण सारखे. चढाई रेश्माची. ती मधल्या रेषेपलीकडे गेली, वाकली, पाय झटकला. प्रणालीने घोटा धरला. दोघी कोसळल्या. धुळीत काही दिसेना. पंच ओणवे झाले. धूळ खाली बसली तेव्हा रेश्माची बोटं मधल्या रेषेवर होती. वीतभरही नाही, नुसती नखं.

खालापूर जिंकलं.

क्षणभर कुणाला कळेना, की ओरडायचं की नाही. मग आमचेच गुलालवाले पुढे झाले आणि उरलेला गुलाल त्यांनी रेश्मावर उधळला. प्रणाली रडत होती आणि रेश्माला सोडतही नव्हती. तिचा घोटा अजून हातात तसाच. अप्पा गर्दीतून वाट काढत संगीतापर्यंत आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "पुढल्या साली मुलींचा सामना संध्याकाळी ठिवू. लाइटीत."

"आणि पुरुषांचा?"

"तो दुपारच्याला उरकू."

चव्हाण सर मला म्हणाले, "बाई, आमच्याकडं बी स्पर्धा असतात. या." आणि जाता जाता, "पन खालापूर वरच ठेवा."

उन्हं कलली होती. पुरुषांच्या सामन्याची आखणी सुरू व्हायला वेळ होता, दोन्ही संघांच्या मुली मैदानात एकत्र बसून सरबत पीत होत्या. मी वायरी गुंडाळायला घेणार, तोच संगीताने माझा हात धरून ओढला.

"चल. एक चढाई."

"मी? संगे, वेड लागलं का? मी जन्मात कधी रेषेच्या आत पाय ठेवला नाही."

"म्हणूनच."

माझा चष्मा तिने काढून घेतला. मुली कल्ला करत उठल्या. मी पदर खोचला, डोळे बारीक केले आणि "कबड्डी कबड्डी" म्हणत आत शिरले. तीन पावलं गेले असेन. रेश्मा कुठून आली ते दिसलं नाही. एकदम आभाळ समोर आलं आणि अंगावर सात-आठ मुली, सगळ्या हसत. टेबलाशी ठेवलेल्या माझ्या फोनवर कुणीतरी इमानाने गुण दाबला. टीव्ही ओरडला, "खालापूर, पकड, एक गुण!"

मी अजून मातीत पडलेली, तोच फोन वाजायला लागला. प्रणालीने तो माझ्या कानाशी आणून धरला. सासूबाई होत्या.

"वंदना, मॅच संपली ना गं? मग आत्ता खालापूरला एक पॉइंट कसा वाढला? पुन्यांदा बिघाडलं का काय तुजं?"

"नाही आई, या वेळी बरोबर आहे. पकड झाली."

"कुनाची?"

"माझी."

पलीकडे वालाच्या शेंगा बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"लागलं का गं?"

"नाही."

"मग पडून काय राहिलीस? ऊठ, नि परत जा."